पिलोसाठी वकील कोणी पाठवला?

“नांग, मला खुनी शोधून नकोय,” लालिंग दारातच म्हणाली. “मला फक्त वकील निवडून द्या.”

हे ऐकून इसिद्रोच्या हातातला कप हिंदकळला आणि गरम कॉफी त्याच्या अंगठ्यावर सांडली. तो कळवळला.

“टूथपेस्ट लावा, नोंग! लगेच लावा!” लालिंग स्वतःचं दुःख विसरून ओरडली. इसिद्रो मुकाट्याने आत जाऊन अंगठ्यावर पांढरा थर देऊन आला. फिलिपिन्समधल्या त्या दुमागेते शहरात भाजण्यावर यापलीकडे कुणाला औषध ठाऊक नव्हतं.

लुर्दिंग जागची हलली नव्हती. सगळं शहर तिला नांग, म्हणजे थोरली बहीण, आणि इसिद्रोला नोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचं. आयुष्यभर ती विमा कंपनीची तपासनीस होती. आपोआप जळालेली गोदामं आणि आपोआप बुडालेल्या होड्या यांची खरी हकिगत काढण्यात तिचे केस पिकले होते. आता ती स्वतःच्या नावावर तपासाची कामं घ्यायची. इसिद्रो तिचा दीर, शाळेतून निवृत्त झालेला पीटीचा मास्तर. त्याला माणसं पहिल्या नजरेत कळतात असं तो म्हणायचा. ती सहसा चुकीची कळायची.

“बस,” लुर्दिंग म्हणाली. “रोमुलो, तूही बस. चालत आलात?”

लालिंगचा नवरा रोमुलो दाराशीच उभा होता. अंग घामाने निथळत होतं, तरी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. “रिक्षा गॅरेजमध्ये पडलीय, नांग.”

त्याची रिक्षा इसिद्रोच्या ओळखीची होती. मोटारसायकलला जोडलेल्या डब्यावर लाल अक्षरात ‘लालिंग’ आणि शेजारी जास्वंदीचं फूल. लग्नाच्या वर्षी त्याने स्वतः रंगवलेलं.

“तुमच्या भावाचं ऐकलं,” इसिद्रो लालिंगला म्हणाला. “वाईट झालं.”

“पिलोने काही केलेलं नाही!” लालिंगचा आवाज चिरकला.

प्रकरण सगळ्या बाजाराला पाठ झालं होतं. शेजारच्या व्हॅलेन्सिया गावाच्या डोंगरउतारावर म्हातारा दोमिनादोर तुबाल्या झुंजीचे कोंबडे पाळायचा. लालिंगचा धाकटा भाऊ पिलो त्याच्याकडे कामाला होता. झुंजीच्या मैदानात म्हाताऱ्याने चारचौघांत पिलोच्या थोबाडीत मारली, कोंबड्याला उपाशी ठेवलंस म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा वाडीतल्या पाण्याच्या टाक्याजवळ डोकं फुटून मेलेला सापडला. पिलो रक्ताने माखलेल्या शर्टानिशी रस्त्यावर धावताना सापडला. पोलिसांना आणखी काय हवं? डोक्यात दांडका घातला, म्हणाले.

“वकील कोणकोण आहेत?” लुर्दिंगने विचारलं.

“तीन. काबाहुग साहेब म्हणतात, गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी करून आणतो. दुसऱ्या सुमालपोंग बाई. गरिबांसाठी सरकार देतं ना वकील, त्या. त्या म्हणतात, काही कबूल करू नकोस. पण त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. आणि तिसरे...” ती थांबली. “विल्याफ्लोर साहेब. त्यांना आम्ही बोलावलंच नव्हतं. पिलोला धरला, आणि दुसऱ्या दिवशी हे तुरुंगात हजर. पैसे नकोत म्हणतात.”

“एवढा मोठा माणूस फुकट मिळतोय तर घ्यावा की,” रोमुलो पायाकडे बघत म्हणाला. “मी कधीचा सांगतोय.”

“फुकट कोण देतं रे? कुणीतरी पाठवलाय त्यांना. ज्याने खून केला त्यानेच पाठवला असेल तर? पिलोला बुडवायला?” लालिंग लुर्दिंगकडे वळली. “पिलोची सुनावणी तोंडावर आलीय, नांग. त्यांना कोणी पाठवलं एवढं शोधून द्या. मग मी ठरवीन.”

लुर्दिंगने विचारलं, “उत्तर आवडलं नाही तर?”

“माझा भाऊ आत आहे. मला काय आवडायचंय?”

*

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत पिलो बाकावर बसला होता. रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा तरुण. बहिणीने आणलेला केळीच्या पानातला गोड भात त्याने तसाच बाजूला ठेवला.

“रोमुलो नाही आला?” त्याने विचारलं.

“त्याला इथला वास सोसत नाही,” लालिंग म्हणाली. “येईल.”

पिलोने मान हलवली.

“त्या सकाळी काय पाहिलंस, सगळं सांग,” लुर्दिंग म्हणाली. “पोलिसांनी जे विचारलं नाही तेही.”

“आत गेलो तर पांढरा आणि लाल झटापट करत होते. दोघंही दोरीला, पण शेजारीशेजारी. मी पांढऱ्याला सोडवून त्याच्या जागी, फाटकाजवळ नेऊन बांधला. मग वळलो तर टाक्यामागे मालकांचे पाय दिसले. मी त्यांना उचलायला गेलो... गार पडले होते. मी घाबरून पळालो.”

“कोंबड्याचं कोणाला बोललास?”

“कोणी विचारलंच नाही. नाही, एकाने विचारलं. विल्याफ्लोर साहेबांनी. आल्या आल्या म्हणाले, पांढऱ्या कोंबड्याला कुठे लागलं होतं का? मीच चक्रावलो. म्हटलं, ह्यांना पांढरा कसा ठाऊक?”

“लागलं होतं?”

“पंख दुमडला होता एका बाजूचा. पडल्यासारखा.”

बाहेर आल्यावर इसिद्रो म्हणाला, “कोंबड्याची चौकशी करणारा वकील! माणूस मरून पडलाय आणि ह्याला पंखाची काळजी. काबाहुग घ्या, मी सांगतो.”

“चल, काबाहुगकडेच जाऊ,” लुर्दिंग म्हणाली.

*

वकील काबाहुगच्या कचेरीत भिंतभर फोटो होते. सगळ्या फोटोत तोच, शेजारी कोणीतरी मोठा माणूस. त्याने इसिद्रोचा हात असा दाबला की इसिद्रो तिथेच त्याचा झाला.

“न्यायाधीश माझ्या मुलीचे धर्मपिता आहेत,” काबाहुग म्हणाला. “पोराला सांगा, सही कर आणि निश्चिंत झोप.”

“पिलोने तुम्हाला काय सांगितलं?”

“कोणी?”

“तुमच्या अशिलाने.”

“भेटीन ना. सुनावणीला भेटणारच आहे. तसं त्यात ऐकण्यासारखं काय आहे? शर्टाला रक्त होतं.”

सुमालपोंग बाई कोर्टाच्या मागच्या खोलीत फायलींच्या ढिगाआड सापडल्या. तिशीतल्या, डोळ्यांखाली काळं, एका हातात अर्धवट खाल्लेला पाव.

“पिलो ना? भेटले मी. हळू बोलतो तो. घाई केली की गप्पच होतो, म्हणून त्याला पुन्हा निवांत भेटायचंय. ते होईपर्यंत कशावर सही करू नको म्हटलंय.” त्यांनी पाव खाली ठेवला. “हे बघा, माझ्यापेक्षा चांगला वकील मिळाला तर घ्या. मला राग येणार नाही. पण सुटेलच असं वचन देणारा घेऊ नका.”

“बाई हरायलाच बसलीय,” जिना उतरताना इसिद्रो पुटपुटला.

“बाई खरं बोलतेय. या धंद्यात ते दुर्मीळ आहे,” लुर्दिंग म्हणाली.

विल्याफ्लोर समुद्राकडे तोंड असलेल्या घरात राहायचे. पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी नवी कामं घेणं कधीच सोडलं होतं. सगळ्या कोर्टाला ते ठाऊक होतं.

“मला कोणी गाठलं हे मी सांगणार नाही,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “विचारून दोघांचा वेळ घालवू नका, लुर्दिंग.”

“नाही विचारत. पिलोसाठी काय करणार ते सांगा.”

“डॉक्टरला एकच प्रश्न विचारणार. जखम दांडक्याची आहे की टाक्याच्या कठड्याची? माणूस पाठीमागे पडला आणि त्याने हात टेकले नाहीत. तळव्यांना साधं खरचटलेलंही नाही. का टेकले नाहीत?”

“हातात काहीतरी होतं म्हणून.”

विल्याफ्लोरांनी खिडकीबाहेर पाहिलं.  पलीकडे सिकिहोर बेट निळसर दिसत होतं.

“पिलोला सोडवायला पाठवलंय तुम्हाला, की अडकवायला?” इसिद्रोने मध्येच तोंड घातलं.

“मास्तर,” विल्याफ्लोर शांतपणे म्हणाले, “माझ्यासमोर बसून ती व्यक्ती रडली. त्याला बाहेर काढा, म्हणाली. आणि त्याच्या बहिणीला माझं नाव कळू देऊ नका. मला जेवढं सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. उरलेलं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला हे वकीलपत्र घेता आलं नसतं.”

*

तुबाल्यांच्या वाडीत कोंबड्यांचा कलकलाट होता. गवतावर छोट्या तिरक्या खोपट्या, प्रत्येकीपुढे पायाला दोरी बांधलेला एकेक कोंबडा. म्हाताऱ्याची बायको विसेन्ता काळ्या कपड्यात दाणे टाकत फिरत होती. तिचा मुलगा मार्सियो झाडाखाली एका कोंबड्याच्या पायांना तेल चोळत होता.

“तुमच्या मास्तरांना सांगा, तिथून हला,” विसेन्ताने फटकारलं. “लालच्या डोळ्यांसमोर उभे राहिलात तर तो दिवसभर चिडतो.”

इसिद्रो दोन पावलं मागे सरला.

“आणि पांढरा?” लुर्दिंगने विचारलं.

“तो फाटकाजवळ, एकटा. हे दोघं एकमेकांच्या नजरेला पडले तरी दोऱ्या तोडतात. आमच्या स्वयंपाकीणबाईलाही ठाऊक आहे ते.” तिचा आवाज जरा मऊ झाला. “पांढरा ह्यांचा लाडका. सकाळी उठलं की आधी तो कुशीत. मला कधी घेतलं नाही इतकं.”

“आई!” मार्सियो म्हणाला.

“खोटं आहे का? सगळ्यांवर हात उगारायचे. त्या पोरावरही. मी रडले नाही म्हणून गाव बोलतं. बोलू दे.”

“पिलोला वकील तुम्ही दिलात?” लुर्दिंगने थेट विचारलं.

मार्सियो उठून उभा राहिला. “माझ्या बापाला मारणाऱ्याला? घरी जा, बाई.”

विसेन्ताने मात्र मान खाली घातली. “सुचलं असतं तर दिला असता,” ती पुटपुटली.

जीपमध्ये बसताच इसिद्रो कुजबुजला, “म्हातारीच. नक्की म्हातारीच. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस ढकललंन्, आणि आता पोराची दया येतेय.”

 डोंगर उतरेपर्यंत लुर्दिंग बाहेर बघत होती. इसिद्रोला वाटलं, तिला उत्तर सापडत नाहीये. ते सापडल्यामुळे ती गप्प आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

बाजाराच्या तोंडाशी ते उतरले, तेव्हा समोरून रोमुलोची रिक्षा गेली. तेच लाल नाव, तेच फूल. चालवणारा भलताच होता, मागे मासळीच्या टोपल्या.

“गॅरेजवाला बघ कसा दुसऱ्याच्या रिक्षावर धंदा करतोय!” इसिद्रो संतापला.

लालिंग बाजारात गरम चॉकलेट विकायची; तिच्या टपरीवर त्याचाच वास होता. कडेच्या चुलीवर एका पातेल्यात पाला उकळत होता.

“पेरूचा पाला,” ती म्हणाली. “रोमुलोला. हात सायलेन्सरवर भाजलाय म्हणतो. बघू देत नाही, स्वतःच धुतो. आणि मागतो काय, तर पेरूचं पाणी! ते जखमेला असतं बाबा, भाजलं की टूथपेस्ट. पण ऐकेल तर नवरा कसला.” ती कितीतरी दिवसांनी हसली.

लुर्दिंगने तिच्या हातावर हात ठेवला. “उद्या दुपारी ये. त्यालाही घेऊन ये.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. इसिद्रोने कॉफी केली. कोणी कपाला हात लावला नाही.

“आधी तुझं काम,” लुर्दिंग म्हणाली. “लालिंग, विल्याफ्लोरना घे. ते पिलोला बुडवायला आलेले नाहीत. त्यांनी पिलोचं ऐकून घेतलंय, आणि कुठे बोट ठेवायचं ते त्यांना कळलंय. ह्यापेक्षा चांगला वकील ह्या बेटावर नाही.”

लालिंगने छातीवर क्रूस काढला. “आणि पाठवलं कोणी?”

“तिथेच थांबावं असं मला फार वाटलं.” लुर्दिंगने मानेवरून हात फिरवला. “पण नुसत्या कठड्यावर पिलो सुटेलच असं नाही. म्हातारा पडला असं सिद्ध झालं तरी ढकलणारा पिलोच, असं म्हणतील.”

ती सावकाश सांगू लागली.

“विल्याफ्लोरांनी पिलोला पांढऱ्या कोंबड्याबद्दल विचारलं. पिलोने ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे त्यांना ते अशा कोणीतरी सांगितलं, ज्याने म्हाताऱ्याला कोंबडा कुशीत धरून पडताना पाहिलं. म्हाताऱ्याने हात टेकले नाहीत, कारण हातात लाडका होता. म्हणजे वकील पाठवणारा त्या वेळी तिथे होता.”

“म्हातारी!” इसिद्रो म्हणाला.

“तो कोंबडा सुटला. कोणीतरी त्याला धरून लालच्या शेजारी बांधला. विसेन्ता तसं करील? मार्सियो करील? त्यांच्या स्वयंपाकीणबाईलाही ठाऊक आहे की ते दोघं एकत्र बांधायचे नाहीत. बांधणाऱ्याला कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. मोकळा खुंट दिसला, तिथे बांधला.”



“आणि बांधला कशाला? माणूस मारून पळणारा कोंबडा बांधत बसत नाही. ज्याच्या हातून भलतंच घडलं, ज्याचं डोकं बधिर झालं, आणि तरी दुसऱ्याचं नुकसान होऊ नये ही ज्याची सवय गेली नाही, असा माणूस तो. भला माणूस. भेदरलेला कोंबडा अनोळखी हाताला नख्या मारतोच. ती जखम पेरूच्या पाण्याने धुवावी लागते, टूथपेस्टने भागत नाही.”

इसिद्रोने नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग रोमुलोच्या ओढलेल्या बाहीकडे. 

लालिंग हसली. चुकीच्या जागी हसू येतं तसं. “काहीतरीच काय, नांग. तो भाजलाय. सायलेन्सर...”

“रिक्षा गॅरेजमध्ये नाही, लालिंग. ती त्याने विकली. विल्याफ्लोर तुझ्याकडून पैसे घेत नाहीत, कारण त्यांना ते आधीच मिळालेत. आणि तो एकदाही तुरुंगात गेला नाही, ते वासामुळे नाही.”

लालिंग नवऱ्याकडे वळली. “बाही वर कर.”

“लालिंग...”

“कर वर!”

त्याने केली नाही. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून तो वाकला, आणि वाकलेलाच बोलला.

“मी हात जोडायला गेलो होतो. पोराला पुन्हा मारू नका म्हणायला. म्हातारा म्हणाला, तुझी बायको बाजारात काय काय विकते ते मला ठाऊक आहे. मी ढकललं. एकदाच. तो नुसता पडला, लालिंग. मला वाटलं, उठेल. शिव्या देईल. कोंबडा पळत होता, तो धरला, बांधला... तरी उठला नाही.”

“आणि माझ्या भावाला आत बसू दिलंस.”

“रोज सकाळी पोलीस ठाण्यापर्यंत जायचो. फाटकातून परत यायचो. मग वाटलं, चांगला वकील दिला तर तो सुटेल. कोणालाच काही होणार नाही.”

“बस,” लुर्दिंग कडक आवाजात म्हणाली. “ह्यापुढचं मला ऐकायचं नाही. ते तुझ्या वकिलाला सांग. स्वतःहून हजर झालास तर कोर्ट ते धरतं. पण वकिलाशिवाय ठाण्याची पायरी चढू नकोस. विल्याफ्लोर तुझे होऊ शकत नाहीत. ते पिलोचे आहेत.”

लालिंग उठली. तिने डोळे पुसले नाहीत. इसिद्रोला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारणार. तिने पर्स खांद्याला अडकवली.

“सुमालपोंग बाई दुपारी असतात का कचेरीत?”

“असतात,” लुर्दिंग म्हणाली.

“चल,” लालिंग नवऱ्याला म्हणाली. त्याचा हात धरला नाही. तो मागून चालत गेला.

दोघं वळणाआड गेल्यावर इसिद्रो म्हणाला, “दुसरा काही मार्ग नव्हता?”

“मी सबंध रात्र शोधला,” लुर्दिंग म्हणाली आणि गार झालेली कॉफी मोरीत ओतून आली.

*

पिलो सुटला. बहिणीच्या घरी न जाता तो सिकिहोरला, एका मित्राच्या होडीवर कामाला गेला.

रोमुलोच्या खटल्यात सुमालपोंग बाईंनी पिलोलाच साक्षीला बोलावलं. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तो आला, धुतलेला शर्ट घालून. लुर्दिंग आणि इसिद्रो मागच्या बाकावर बसले होते. लालिंग पुढे, एकटी. रोमुलो दोन शिपायांच्या मध्ये.

“आरोपी त्या सकाळी वाडीत का गेला होता, तुम्हाला ठाऊक आहे?” बाईंनी विचारलं. त्यांनी घाई केली नाही. पिलो सावकाश बोलतो हे त्या विसरल्या नव्हत्या.

“हो. मीच पाठवला होता.”

बाकांवर कुजबुज झाली.

“आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, माझं म्हातारा ऐकत नाही. तू वडीलधारा आहेस, तू जाऊन बोल. त्याला जायचं नव्हतं. मी हट्ट केला.”

“म्हणजे मालक मेलेले दिसले तेव्हा, रोमुलो तिथे येऊन गेला असेल हे तुमच्या मनात आलं होतं?”

“आलं होतं.”

आता न्यायाधीशच पुढे झुकले. “मग इतके दिवस आत राहून तू बोलला का नाहीस?”

पिलोने पहिल्यांदाच मान वळवून रोमुलोकडे पाहिलं.

“तो आमच्या घरात आला तेव्हा मी शाळेत होतो, साहेब. मला पोहायला त्याने शिकवलं. मला वाटलं, तो येईल आणि स्वतः सांगेल. मी वाट बघत होतो.”

रोमुलोचं डोकं खाली गेलं ते वर आलंच नाही. पुढच्या बाकावर लालिंगची पाठ ताठ होती, आणि मग हळूहळू तीही वाकली.

त्या साक्षीमुळे शिक्षा हलकी झाली, असं सुमालपोंग बाई नंतर म्हणाल्या. पण त्या क्षणी तिथे कोणी शिक्षेचा विचार करत नव्हतं. पिलो पिंजऱ्यातून उतरला, बहिणीच्या बाकाशी येऊन थबकला. लालिंगने वर पाहिलं.  बंदरावर दुपारची बोट सुटायची होती. तो निघून गेला.